पत्र्याला टेकलेला झेंडू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आई गेली. मागे मी राहिलो, कामथडीचं घर राहिलं आणि चहाच्या डब्यात झेंडूचं बी राहिलं.

ते बी ती दरवर्षी धरायची. वर्षश्राद्धाला तिच्या फोटोला त्याच झेंडूचा हार घालायचा, असं मी ठरवलं आणि पावसाळ्यात डबा पालथा केला. (थोडं बी मागे ठेवायचं असतं, हे कुठल्याच पुस्तकाने मला सांगितलं नव्हतं!)

रोपं आली, पण खुरटी. घाबरून मी नसरापूरहून झाडं वाढवणाऱ्या संजीवकाची बाटली आणली. माहितीपत्रक दोनदा वाचलं. पंपभर पाण्यात किंचित मिसळून एकदाच फवारावं, असं त्यात स्पष्ट होतं. पण आई रोज सकाळी झेंडूला तांदळाचं धुवण घालायची, तांब्याने. तिचा नेम मोडवेना. मी त्या धुवणातच टोपणभर औषध घालू लागलो. रोज!

शेजारचे रशीदचाचा पंक्चरचं दुकान उघडता उघडता थांबले.

"गुरुजी, ह्यो झेंडू हाय का ऊस?"

"वाढतोय, चाचा."

"वाढतोय व्हय, पर थांबनार कुठं? तारंला लागला तर वायरमन येईल!"

हसत हसत त्यांनीच बांबू आणून दिले. झेंडू बांबूंच्याही वर गेला. फिकट, काटकुळा, एका पानापासून दुसरं पान हातभर लांब. आणि कळी एकही नाही! मी औषध बंद केलं. आईचं सगळं बी त्या काटक्यांत अडकलं होतं. रोज मान वर करून कळी शोधायची, एवढंच हातात उरलं.

वर्षश्राद्धाला हिर्डोशीची मावशी एसटीने आली आणि अंगणातच थबकली.

"आरं, आक्का गेली ती गेली, तिच्या मागं झेंडू बी वर निघाला का रं?"

सगळे हसले. मीही हसलो, वर्षभरात पहिल्यांदाच.

"हसतुस काय? त्यो बघ, पत्र्याला टेकलाय!"

एक फूल. एकच. मी स्टुलावर चढलो, चाचांनी बांबू धरला.

"तोडू नगंस!" मावशी ओरडली. "बी धरू दे त्याला."

फोटोला बाजारचा हार घातला.

यंदा त्या फुलाच्या बियांची रोपं गुडघ्याएवढी झाली आहेत. कळ्या आल्या आहेत. मी रोज नुसतं धुवण घालतो. बांबू अजून उभे आहेत. कशाला, असं कुणी विचारलं, की मी सांगतो, "कपडे वाळत घालायला."