बेदाण्यांमधली थंडी

आज बेदाण्यांचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मामांचं कोल्ड स्टोरेज आठवलं. तेव्हा आमचं नवीन लग्न झालं होतं. ऐन थंडीत मोटरसायकलवरून अमृतसरला जायचा बेत मी आखत होतो, पण थंडीच्या धास्तीनं सुजाता तयार नव्हती. सोलापुरात तशी थंडी कुठून आणायची? म्हणून सरावाला मी तिला मामांकडे नेलं.

स्वेटर, कानटोप्या चढवून आम्ही बेदाण्यांच्या खोक्यांमध्ये बसलो. थोड्याच वेळात माझेच दात वाजू लागले.

"राहू दे, रेल्वेनं जाऊ," मी म्हणालो.

तिनं माझे हात चोळले. "आता कुठं मजा यायला लागली की. गाडी मी चालवते, तुम्ही मागं बसा."

मला ती चेष्टाच वाटली. पण दिल्लीच्या पुढं, दाट धुक्यात, खरंच ती गाडी चालवत होती आणि मी तिच्या पाठीला बिलगून गाणी म्हणत होतो.