राजूवहिनी आणि आमच्या घरची भरमार

आमचं शेत गोंडपिपरी तालुक्यात, जंगलाला लागून. धान निसवलं की रानडुकरांचा कळप यायचा आणि एका रात्रीत सगळं लोळवून जायचा. मग आई वरोऱ्याकडे कापूस वेचायला जायची आणि दादा नि मी काकांच्या चुलीवर जेवायचो. घरात किमती म्हणावी अशी वस्तू एकच, आजोबांच्या वेळची परवान्याची भरमार बंदूक. पीक राखायला मिळालेली. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं. ताटातला भात तीच देते, असंच आम्ही समजायचो.

हे आधी सांगते, कारण राजूवहिनीनं काय केलं ते त्याशिवाय कळणार नाही. गेल्या महिन्यात दादाचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. "सुनंदा, राजू गेली," एवढंच म्हणाला. किडनीचा आजार होता, कल्पना होती, तरी... घरी पोचले तर बाबा ओसरीत भिंतीला टेकून बसलेले. येईल त्याला सांगत होते, "माही पोरगी गेली." मी समोरच बसले होते. त्यांची एकुलती एक पोरगी, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. मी रडले, पण ते सगळं रडणं वहिनीसाठी नव्हतं. खोटं कशाला लिहू? तिचा मला हेवा वाटत आला, आणि ती गेली तरी तो गेलेला नाही.

भरमारीच्या नळीत तोंडाकडून बारूद, चिंध्या, छर्रे ठासावे लागतात. एकदा ठासली की रिकामी करायची सोपी वाट एकच, बार काढायचा. बारूद महाग, मग डुक्कर आलं नाही तर उगीच बार कोण काढणार? गावात बंदूकवाल्या सगळ्या घरांची रीत हीच. भरलेली बंदूक पहाटे खांद्यावर घरी यायची आणि तशीच खुंटीला टांगली जायची. खाली पोरं खेळायची, सणाला मोहाची बाटली फिरायची. मी चंद्रपूरला कॉलेजात होते. सुट्टीत आले की बाबांना कायदा सांगायचे, बंदुकीच्या अपघातांच्या बातम्या वाचून दाखवायचे. ते शांतपणे ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "तू शिकली, लय चांगलं झालं. आता हेच त्या डुकराईले शिकव." सगळं घर हसलं.

वहिनी सिरोंच्याची. माहेरी तेलुगू, त्यामुळे तिच्या मराठीलाही सगळे हसायचे, पण ती हसू द्यायची. तिनं बाबांना कधी काही समजावलं नाही. सकाळी चहा देताना विचारायची, "मामाजी, भरेल हाय का?" आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. बाबा गुरकावायचे, "हाय. तुले काय करायचं?" काही नाही, असं म्हणून ती पोरीला कडेवर घ्यायची, चूल अंगणात मांडायची, आणि दिवसभर पोरगी घरात जायची नाही. रुसवा नाही, रडणं नाही. बाबांचं ताट तेवढं आत यायचं. नात दारातून हात हलवायची आणि बाबा एकटे जेवायचे... एका दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. पहाटे नाल्याकडून बार ऐकू आला. बाबा आले, बंदूक टांगली, आणि तिनं विचारायच्या आत म्हणाले, "रिकामी हाय वं माय. आण पोरीले अंदर." मी इतकी वर्षं बोलले, मला त्यांनी कधी 'माय' म्हटलं नव्हतं.

काकांशी आमचं धुऱ्यावरच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरच्या, मोहाच्या झाडावरून जुनं भांडण. एका पोळ्याला दादा पिऊन दारात बसला होता. काका बैल घेऊन समोरून गेले आणि जाता जाता टोमणा मारला, "झाड तं राखता येत नाई, अन् बैल सजवते!" दादा आत गेला, खुंटीवरची बंदूक काढली, काकांच्या छातीला लावली आणि घोडा दाबला. टक् असा आवाज झाला. बस. काकांच्या हातातली वेसण सुटली. त्या दिवाळीपासून बाबा पहाटे बार काढूनच घरी यायचे. तसं नसतं तर... पुढचं मी आजही मनात पुरं करत नाही.

संध्याकाळी सगळे ओसरीत बसलो. दादा मान खाली घालून. वहिनी बाबांना म्हणाली, "आज रिकामी होती म्हून काकाजी त्यायच्या घरी जेवून राह्यले. उद्याचं सांगा मले."

बाबांनी दादाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अन् डुकरं?"

"डुकरं काकाजीचंही धान खातेच ना. दोन्ही वावराले मिळून झटका मशीन लावू."

म्हणजे बॅटरीवरची तार, जनावराला नुसता झटका बसतो. दुसऱ्या दिवशी ती दादाला घेऊन काकांकडे गेली. दादानं पाय धरले. वहिनीनं मशीनचं सांगितलं. काकांनी विचारलं, "मशीन कोणाच्या घरी ठेवशीन?" ती म्हणाली, "तुमच्या."

बंदूक जमा करायचा अर्ज मी लिहिला. माझं अक्षर, माझी भाषा, एक काना चुकला नाही. ठाण्यात जाताना मात्र बाबांनी मोटरसायकलवर मागे वहिनीला बसवलं आणि मला म्हणाले, "तू पोरीकडे पाह्य." आता आमच्याकडे सोयरीक जमवताना बाया पाहुण्यांना विचारतात, घरी बंदूक हाय का, भरून ठेवता का? पाहुणे बिचकले की सांगतात, ही राजूची रीत हाय. सुनंदाची म्हणून गावात एकही रीत नाही.

वहिनीला पहिला खांदा काकांनी दिला. कोणाला सांगावं लागलं नाही.

आमचा परवाना रद्द झाला, बंदूक सरकारजमा झाली. दोन्ही वावरांभोवती एकच तार आहे आणि धान घरी येतं. काका जिवंत आहेत. दादा तुरुंगात गेला नाही. हे राजूवहिनीनं केलं, मी नाही.