मोटारीत काय ओतायचं?

बाळंतपणाची रजा संपून सोमवारपासून माझं ऑफिस सुरू होणार, म्हणून लेकीसाठी दूध काढायचा इलेक्ट्रिक पंप घरी आणला. लावला, बटण दाबलं. घर्र घर्र आवाज जोरात, बाटली मात्र कोरडी ठणठणीत! मला रडूच यायला लागलं.

सासूबाई कौतुकाने बघत होत्या. "आमच्या विहिरीवरची मोटार अशीच अडायची," त्या म्हणाल्या. "तांब्याभर पाणी आत ओतलं की लागायची ओढायला. आता हिच्यात काय ओतायचं गं?"

मला हसू फुटलं. खांद्यावर लेकीचं सकाळचं झबलं होतं. हसता हसता ते नाकाशी आलं. तेलाचा, दुधाचा, तिच्या मानेचा वास! छातीत झिणझिण्या आल्या आणि पान्हा फुटला. एक थेंब, दोन थेंब, आणि चक्क धार!

"आलं, आलं!" सासूबाई ओरडल्या, विहिरीला पाणी लागल्यासारख्या.

दूध यंत्राने काढता येतं. पान्हा मात्र फुटावाच लागतो. आपल्या भाषेला हे कधीचं ठाऊक आहे!

बाटली भरताच सासूबाईंनी ती पदराखाली झाकली. "नजर लागते दुधाला," म्हणाल्या. आणि स्वतःच पुन्हा पुन्हा पदर उचलून बघत राहिल्या.