कोंबड्यांनी न उकरलेलं लॉन

"हात नगा लावू," असं म्हणताना ती उजवा तळवा जमिनीकडे धरायची आणि हवेतच हलकेच दाबायची. ओला गिलावा असो, नुकतंच लावलेलं रोप असो, नाहीतर रडून रडून झोपलेलं कुणाचं लेकरू, तिचं सांगणं एकच. तो तळवा पाहिला की माणूस आपोआप एक पाऊल मागे सरकायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आवाज चढवत नाहीत, तरी त्यांचं ऐकलं जातं.

माजलगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या अतिथीगृहाचा मी व्यवस्थापक होतो आणि ती तिथली माळीण. मेंढपाळाच्या घरातली. तिचे भाऊ मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरायचे. नवरा गेल्यावर ती मात्र एका जागी थांबली, अतिथीगृहामागच्या खोलीत, अकरा गावरान कोंबड्या घेऊन. तिचं नाव इथे लिहीत नाही. लिहू का, हे तिला विचारायचं राहून गेलं.

बाग आणि कोंबड्या एका आवारात नांदत नाहीत असं तुम्ही म्हणाल. मीही पहिल्या दिवशी तेच म्हणालो होतो. तिनं वाद घातला नाही. खोलीमागे पालापाचोळा आणि शेण टाकून एक उकिरडा केला, तो रोज ओला ठेवला आणि त्यात मूठभर ज्वारी विखरून कोंबड्या तिकडे सोडल्या. दिवसभर त्या तिथेच उकरत राहिल्या. "त्यांचं रान त्यांना दिलं, की आपल्या रानात कशाला येतील साहेब?" एवढंच म्हणाली. चार वर्षांत गुलाबाच्या एका वाफ्यातही कोंबडीची नखं उमटली नाहीत.

पुढे चेअरमन साहेबांनी पुण्यात कुठेतरी लॉन पाहिलं. आमच्याकडे हरळीच्या मुळ्या लावण्याची पद्धत, पण त्यांना बियांपासून वाढवलेलं, गालिच्यासारखं हवं होतं. त्यांनी बियांची पिशवी आणून दिली. दोन महिन्यांनी अतिथीगृहापुढच्या त्या लॉनवरच मोठा कार्यक्रम व्हायचा होता. तिनं चिमूटभर बी तळव्यावर घेतलं आणि श्वास रोखला. "राजगिऱ्याहून बारीक हाय," म्हणाली. "ह्याला वारा बी उचलून नेईल."

मग तिचं काम सुरू झालं. सगळी माती चाळून घेतली. बियांत रेती मिसळून आधी उभं फेकलं, मग आडवं. नंतर अनवाणी पायांनी, टाचेला अंगठा लावत, सगळं आवार तुडवलं. दोन दिवस लागले. वरून ओली गोणपाटं, आणि पाखरांसाठी कडेनं बोरीच्या फांद्या. चेअरमन पाहायला आले, तर त्यांच्यापुढेही तळवा धरला. "चप्पल काढा दादा. आन आत नगाच येऊ." ज्या माणसापुढे आम्ही खुर्चीवर नीट टेकत नव्हतो, तो चप्पल काढून काठावर उभा राहिला.

बाराव्या दिवशी गोणपाटं काढली. कोंबडीच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी लव जमिनीवर आली होती, फक्त हिरवी. मी वाकून हात फिरवायला गेलो. "हात नगा लावू. आजून तिला आपली वळख न्हाई."

फाटकाजवळचा भाग मात्र विरळ होता. कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता. चेअरमननी मला चारचौघांत झापलं. ती म्हणत होती, सावलीतलं बी उशिरा उगवतं, येईल. मला तेवढा धीर नव्हता. मी उसाच्या घरातला माणूस. पिवळं दिसलं की युरिया फेकायचा, हेच लहानपणापासून पाहिलेलं. एका रविवारी ती उमापूरला बहिणीकडे गेली असताना मी गोदामातून युरिया आणला आणि भर दुपारी त्या कोवळ्या लवेवर मुठीमुठीनं फेकला. वर थोडं पाणी शिंपडलं. सोमवारी सकाळी तो सगळा पट्टा करपून तपकिरी झाला होता.

चेअरमननी विचारलं, हे काय झालं? माझ्या तोंडून निघालं, "कोंबड्यांनी उकरलं, साहेब."

ती पाण्याचा पाइप धरून शेजारीच उभी होती. ती वाकली, मातीच्या भेगेतून एक पांढरा दाणा उचलला, बोटांत चोळला. माझ्याकडे पाहिलं. मग पाइप उचलून दुसऱ्या बाजूला पाणी द्यायला गेली.

कोंबड्या आजच्या आज हलवा, असा हुकूम झाला. दुपारी ती माझ्या टेबलापुढे आली. आयुष्यात एकदाच तिनं माझ्याकडे काही मागितलं.

"धा घेऊन जाते. एक खुडूक बसलीय साहेब, अंड्यावर. नऊ दिस ऱ्हायलेत. तेवढी ऱ्हाऊ द्या. पायजे तर तुमच्या खोलीत झाकून ठेवा."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. न सांगताही तिला नऊ दिवस देता आले असते. मी म्हणालो, साहेबांचा शब्द आहे, माझ्या हातात काही नाही. तिनं मान हलवली. ती खुडूक कोंबडी आणि बारा अंडी भुसकटाच्या टोपलीत घालून, मांडीवर धरून ती एसटीनं उमापूरला गेली. काही आठवड्यांनी मी विचारलं, पिल्लं निघाली का? "एक बी न्हाई," म्हणाली, आणि खुरपं हातात घेतलं.

कार्यक्रमात करपलेल्या पट्ट्यावर सतरंज्या घातल्या. नंतर तिनं तो पट्टा पुन्हा चाळला, पेरला, तुडवला. ते लॉन आजही तालुक्यात नाव घेण्यासारखं आहे.

आणि मी काय केलं? 'आमच्याकडे कोंबड्या लॉन चरतात' हा किस्सा पाहुण्यांना वर्षानुवर्षं रंगवून सांगितला. माझ्या निरोप समारंभातही सांगितला, त्याच हिरवळीवर. लोक हसले. मागे पदर तोंडाला लावून ती बसली होती, तीही हसली.

निघताना तिनं माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. नळाजवळचा एक कोपरा न कापता राखून तिनं त्या गवताचं बी धरलं होतं. "घरापुढं टाका साहेब. लई गोड येतंय." मग आवाज खाली आणून, अगदी सहज म्हणाली, "फकस्त युरिया नगा टाकू."

पुढे तीही काम सोडून बहिणीकडे राहायला गेली. उमापूरला जाऊन सगळं कबूल करायचं मी ठरवत राहिलो. गेलो तेव्हा ती वारली त्याला सात महिने झाले होते. बहिणीनं चहा दिला आणि त्या खुडूक कोंबडीची गोष्ट आपणहून सांगितली. एसटीच्या धक्क्यांनी अंडी वाया गेली होती, पण कोंबडी उठेना. दिवस उलटून गेले तरी बसूनच. घरचे अंडी फेकायला निघाले, तर हिनं तळवा पुढे केला. हात नगा लावू म्हणाली. ती आपणहून उठेल तेव्हा उठेल.

ही गोष्ट ऐकून आल्यापासून मी लिहायला बसतो आहे. कारखान्यावर तो किस्सा अजून सांगतात, म्हणून खरं काय ते इथे नोंदवतो. त्या रविवारी उमापूरला जाताना तिनं सगळ्या कोंबड्या कोंडल्या होत्या. युरियाची बादली घेऊन मी खुराड्याजवळूनच गेलो. बाहेरून कडी लावलेली होती. जाळीच्या आत ती खुडूक कोंबडी पिसं फुगवून अंड्यांवर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण जागची हलली नाही.