शरणम्मा आणि दोन वाड्यांचा गॅस

शरणम्माचा कुणावर विश्वास नव्हता, आणि माझा शरणम्मावर.

होटगीच्या अलीकडे एका ओढ्याच्या दोन काठांना दोन वाड्या. वरच्या वाडीत आम्ही मराठी बोलणारे, खालच्या वाडीत कानडी. शरणम्मा खालची. नवरा गेल्यावर ती गवऱ्या थापायची, पाटी डोक्यावर घेऊन सोलापुरात भवानी पेठेत विकायची. त्यावर दोन लेकी उजवल्या. शेणात ती तुरीचं चाळलेलं भुसकट मिसळायची. तिची गवरी धूर कमी करी आणि निखारा लांब टिके, म्हणून पेठेतल्या बायका तिची वाट बघत.

शहात्तर साली दोन्ही वाड्यांनी मिळून गोबरगॅस बांधायचं ठरवलं. रॉकेल मिळेना, सरपण उरलं नव्हतं, आणि एकट्या वाडीचं शेण पुरणारं नव्हतं. चौदा घरं एकत्र आली. अध्यक्ष आमच्याकडचे हिंदुराव. मी शाळामास्तर, म्हणून ठरावाची वही माझ्या गळ्यात. पहिल्याच बैठकीत शरणम्मा उभी राहिली.

“समद्यांचं शेण खड्ड्यात. मग मी पेठंत काय विकू?”

“अव्वा, तुमच्या चुलीला गॅस येईल की,” हिंदुराव म्हणाले.

“त्यो पाटीत घालून न्हेता येतोय व्हय?”

तासभर घासाघीस झाली आणि ठरलं, की रोज सकाळी आलेल्या पाट्या तपासायचं काम शरणम्माचं, आणि गॅस देऊन बाहेर पडलेलं पातळ शेणही तिचंच. ते वाळवून तिने खत म्हणून विकावं. सगळे खूश झाले. मी नाही. जिची रोजी या खड्ड्याने गिळली, ती त्याचं भलं कशाला चिंतेल?

ती मात्र प्रत्येक पाटीत कोपरापर्यंत हात घाली. आमच्या पाट्यांतून माती काढली, तिच्या वाडीच्या पाट्यांतून वाळू, आणि दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. दोन महिने गॅस झकास चालला. खड्ड्यावरची लोखंडी टाकी गॅस भरला की वर उचलली जायची. ती दोन्ही काठांवरून दिसे.

तिसऱ्या महिन्यात टाकी खाली बसली ती उठेचना. आमचे म्हणाले, खालचे शेणात पाणी ओततात. खालचे म्हणाले, वरच्यांनी जास्तीचा गॅस ओढला. मी कुणालाच काही न बोलता चार दिवस पाळत ठेवली. एका सकाळी शरणम्माने पदरातलं काहीतरी खड्ड्यात सोडताना मी पाहिलं. खरं सांगतो, मला आनंद झाला.

बैठकीत मी ते सांगितलं. तिने नाकारलं नाही. पदराची गाठ सोडून मूठभर भुसकट सगळ्यांपुढे धरलं.

“तुमचं शेण लई हलकं. नुसतं शेण कुटं नीट जळतंय? म्हणून घरचं चाळलेलं भुसकट घालते रोज. चांगलं जळावं म्हणून.”

लोक हसले. तिच्या वाडीचेही हसले, याचं तिला लागलं असावं. तिने भुसकट परत पदरात बांधलं. मी वहीत लिहिलं : शरणम्माने मुद्दाम नासधूस केली. समितीने तिचं काम काढलं, शेण काढलं, चुलीची नळी तोडली. पेठेतली गिऱ्हाइकं तर तिने आधीच सोडली होती.

आठवड्याने सोलापूरहून ईश्वरप्पा मिस्त्री आला. त्याने टाकी उचलायला लावली. शेणावर वीतभर जाड थर धरला होता. हलकं भुसकट तरंगून वर येतं, साचतं आणि खालचा गॅस अडवतं, असं तो म्हणाला. मी शरणम्माचं सांगितलं, तसं थराकडे बघून त्याने विचारलं, “एवढं भुसकट एका बाईनं पदरातून आणलं?”

बघ्यांमधून शरणम्मा पुढे आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिने थरात हात घातला आणि एकेक चिमूट तळव्यावर घेऊन घरांची नावं सांगू लागली. हे ज्वारीचं, हिंदुरावांचं. ही भुईमुगाची फोलपटं, सावित्रम्माची. मग बोटात काहीतरी टोचलं तशी ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं.

“ही करडईची कुसं. औंदा करडई तुमच्या एकल्याच्या रानात हाय, मास्तर.”

घरी येऊन मुक्ताबाईला, माझ्या बायकोला, विचारलं. ती भाकरी थापत होती. “व्हय, घालते की. समद्याच घालतात. भुसकटाबिगर शेण कुणी देतं का?”

चौदा घरांतल्या बायकांनी आयुष्यभर गवऱ्या थापल्या होत्या. गॅस काय आणि गवरी काय, शेण म्हटलं की हात भुसकटाकडे जायचाच. आणि चोर ठरली एकटी.

मी लाजेने मेल्यासारखा झालो. दुसऱ्या दिवशी समितीने तिला काम, शेण, नळी सगळं परत द्यायचं ठरवलं. वही काखेत मारून सांगायला मी गेलो. ती उंबऱ्यात बसली होती.

“माझं नाव खोडलं का?”

“खोडलं,” मी म्हणालो. खोडलं नव्हतं. नंतर खोडेन म्हटलं होतं.

“वाचून दावा.”

तिला अक्षर येत नव्हतं. मी वही उघडली, आणि काहीही वाचता आलं असतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पेन काढलं, तिच्यासमोर तिचं नाव खोडलं.

“आता तितं तुमचं लिवा.”

मी लिहिलं. तिने वही माझ्या हातातून काढून घेतली, पायात वहाणा घातल्या आणि तिच्या वाडीतल्या, अक्षर येणाऱ्या वीरभद्रप्पाकडे वाचून घ्यायला निघाली.