पिंपावरचं राज्य

समस्त लिंबायतकर, गोडादरेकर आणि आसपासच्या सुजाण नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, कच्च्यांच्या राजाने आपलं सिंहासन स्वखुशीने सोडलं असून येत्या सुट्टीपासून तो पक्क्यांत खेळेल. प्रजेने शोक आवरावा.

ही दवंडी मी आमच्या गल्लीच्या नळावर दिली, सकाळी, पाणी आलेलं असताना. म्हणजे सगळी प्रजा हंडे घेऊन हजर होती. शोक कुणीच केला नाही. मागची बाई म्हणाली, "राजा, आधी तुझा हंडा सरकव." आणि राज्यत्याग तिथेच संपला.

सिंहासन म्हणजे रंगाचं एक उपडं पिंप होतं, आणि राज्य म्हणजे झाकण. झाकण हा आमचा खेळ. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सगळी सुरत झाडूनपुसून काढली, तेव्हा आमच्या वस्तीमागचा उकिरडाही उचलला गेला आणि खाली चक्क मैदान निघालं. ते इतकं उंचसखल होतं की क्रिकेटचा चेंडू आज एका बाजूला गेला तर उद्या दुसऱ्या बाजूला सापडायचा. मग कुणीतरी रंगाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण उचलून भिरकावलं, ते तरंगत जाऊन विजेच्या खांबावर टणकन आपटलं, आणि खेळ सुरू झाला. खांबाला झाकण मारायचं, तिथून बाभळीला, तिथून जुन्या ट्रकच्या टायरला, तिथून पाण्याच्या टाकीला. ज्याला सगळ्यांत कमी फेकींत फेरी पुरी करता येईल तो जिंकला.

परवा माझ्या भाचीने मोबाइलवर दाखवलं की परदेशात असाच खेळ आहे. डिस्क गोल्फ म्हणतात. प्लास्टिकच्या चकत्या, साखळ्यांच्या टोपल्या, गुळगुळीत हिरवळ. तिथेही खालचा गट, वरचा गट आहे, आणि वर कधी जावं यावर तिथली मोठी माणसं डोकं खाजवत बसतात म्हणे. मला फार बरं वाटलं. आम्ही तर हे डोकं लिंबायतला कधीच खाजवून मोकळे झालो होतो.

आमच्याकडे गट दोन. कच्चे खाडीच्या अलीकडे खेळायचे. पक्क्यांची फेरी खाडी ओलांडून जायची आणि ओलांडून परत यायची. आमची खाडी म्हणजे पाणी थोडं आणि रंग फार. वर कुठेतरी कापड-रंगाईच्या कारखान्यात ज्या दिवशी जो रंग चालू असेल, तो खाली आमच्या खाडीत. लग्नसराईच्या आधी लाल, एरवी हिरवा, जांभळा, कधी नुसताच मोरचुदी. झाकण खाडीत पडलं की ज्याचं त्याने उतरून काढायचं, हा नियम. त्यामुळे कारखान्याच्या आठवडी सुट्टीच्या संध्याकाळी वस्तीत कुणाचे पाय कोणत्या रंगाचे आहेत यावरून पक्क्यांचा निकाल घरोघर आपोआप कळायचा.

मी कच्च्यांत खेळायचो आणि जिंकायचो. जिंकणाऱ्याला लोच्याची, म्हणजे सुरती मऊ खमणाची, प्लेट आणि लोचो खाऊन होईपर्यंत पिंपावर बसायचा मान. बाकीच्यांनी उभं राहायचं. मी लोचो फार सावकाश खात असे. वरून शेव, मग थोडा लोचो, मग इकडेतिकडे बघणं, मग चटणी. उभे असलेले लोक म्हणायचे, "अरे, गिळ!" मी म्हणायचो, "दरबारात घाई चालत नाही."

पक्क्यांचा म्होरक्या होता मी जिथे कामाला होतो त्या कापडाच्या कारखान्यातला जॉबर. बिघडलेले साचे, म्हणजे माग, दुरुस्त करणारा. सगळे त्याला मास्तर म्हणत. तो दर वेळी पिंपाजवळून जाताना थांबायचा आणि सुरती हिंदीत विचारायचा, "महाराज, ऊपर कब?"

"तयारी चालू आहे, मास्तर."

"वासरात लंगडी गाय शहाणी," मास्तर म्हणायचा. एवढी एक म्हण त्याला मराठीत येत होती आणि ती त्याने माझ्यासाठीच राखून ठेवली होती.

मी तसाच बसून राहिलो असतो. लंगड्या गाईला वासरांत काही त्रास नसतो. पण त्या वर्षी आमच्या घरी जावई राहायला आला.

ताईचं पहिलं बाळंतपण होतं, ती माहेरी आली होती. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्याच सुमाराला सुरतेबाहेर पलसाण्याच्या रंगाईच्या कारखान्यात काम लागलं. तिथे नीट खोली मिळेना, म्हणून तेही आमच्याकडेच उतरले. खानदेशातल्या घरात जावई चार दिवस आला तर देव, आणि महिनाभर राहिला तर असा देव की ज्याला रोज नैवेद्य लागतो आणि जो रोज कशाने तरी कोपतो. माय त्यांना पाटावर बसवायची, भाजीतलं वरचं तेल त्यांना वाढायची. दाजी स्वभावाने वाईट नव्हते. पण सासरी राहतो ही गोष्ट त्यांना टोचत होती, आणि टोचणी लागलेला माणूस कुठेही बसला तरी खाली खिळा सापडतो.

त्यांना खिळा सापडला तो झाकणात. पहिल्याच सुट्टीला ते माझ्याबरोबर मैदानात आले, कच्च्यांत खेळले आणि दुसरे आले. पुढच्या सुट्टीलाही दुसरेच. त्यांचा हात जबरदस्त होता, झाकण गोफणीसारखं सुटायचं. पण खांबाऐवजी ते कधी कुणाच्या वाळवणात जायचं, कधी म्हशीला लागायचं. मी पिंपावर आणि जावई उभा, हा देखावा दर सुट्टीला सगळी वस्ती बघू लागली.

मायला ते कळलं तेव्हा तिने भाकरी तव्यावर तशीच टाकून मला विचारलं, "तू घरना जवाईले हरावस? चार लोकस्मा? नि वर बसीसन लोचो खास?"

"माय, खेळ आहे तो."

"खेळ ऱ्हास म्हनीसन काय झालं? त्यास्ले जिकू दे ना एक डाव!"

मी मातृआज्ञा पाळली. पुढच्या सुट्टीला शेवटच्या टाकीला माझी झाकणं डावीकडून गेली, उजवीकडून गेली, एक तर टाकीवरून गेलं. मला नाटकाचं अंग आहे. मी कपाळावर हात मारला, आभाळाकडे बघितलं, "आज माझा दिवस नाही" असंही म्हणालो. तेवढं म्हणायला नको होतं. दाजी हातातलं झाकण खाली ठेवून म्हणाले, "शालकबुवा, तुम्ही मुद्दाम हारनात. मी काय पोर शे?" आणि टाकीला झाकण न मारताच घरी निघून गेले.

त्या रात्री जावई जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मायने पुरण घातलं, तरी नाहीत. बाहेर ओट्यावर बसून त्यांनी ताईला सांगितलं की पलसाण्याला हायवेच्या कडेला एक पत्र्याची खोली आहे, शेजारी कुणी ओळखीचं नाही, पण खोली आपली आहे. एक सुट्टी बघतो, मग सामान बांध. ताईचे तेव्हा दिवस भरत आले होते. ती आत येऊन माझ्याशेजारी बसली. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "पत्र्याखाली बाळंतीण झालेली तू बघितली आहेस का रे?"

मी बघितली नव्हती, आणि बघायची इच्छाही नव्हती.

आता माझ्यापुढचा पेच बघा. जिंकलो तर जावयाचा अपमान. हरलो तर त्याहून मोठा अपमान. खेळायला गेलोच नाही, तर ते म्हणणार, मला भिऊन नव्हे, माझ्यावर दया करून आला नाही. म्हणजे तिन्ही वाटा पलसाण्याला जात होत्या. एकच वाट खाडीकडे जात होती. मी वर गेलो तर ते खालच्या गटात खरंखुरं जिंकू शकत होते आणि कुणाला काही म्हणता आलं नसतं. माणूस वरच्या गटात जातो तो प्रगतीसाठीच, असाच जगाचा समज आहे. मी आजवर तो कधी मोडलेला नाही.

मी मास्तरकडे गेलो. तो एका साच्याच्या पोटात डोकं घालून बसला होता. आवाज इतका की ओरडून बोलावं लागलं.

"मास्तर, मी वर येतो!"

त्याने डोकं बाहेर काढलं. "जीत के थक गया?"

"हो!"

"झूठ," मास्तर म्हणाला. "चलेगा. लेकिन सुन. एक बार ऊपर, तो वापस नीचे नहीं. पिंप भूल जाने का."

मी पिंपाचा विचार केला, शेवेचा विचार केला, उभ्या प्रजेचा विचार केला. मग म्हणालो, "भूल गया." तेही खोटंच होतं.

म्हणून ती नळावरची दवंडी. दाजींना ती ऐकू जाणं आवश्यक होतं, त्यामुळे आवाज जरा चढाच लावला होता. ते ओट्यावर दाढी करत होते. वस्तरा गालावर थांबला, मग पुन्हा चालू लागला. दुपारी ते जेवले.

सुट्टी आली. खाडी हिरवी होती. पक्के ओळीने उभे राहिले, एकेकाचं झाकण भुर्रकन पलीकडे गेलं. माझी पाळी आली. मी बाह्या सरसावल्या, प्रेक्षकांना नमस्कार केला, गिरकी घेऊन फेकलं. झाकण छान वर गेलं, मधोमध पोचलं, तिथे त्याने जरा विचार केला आणि ते सरळ खाली आलं. "महाराज का स्नान!" मास्तर ओरडला. मी उतरलो. तळाशी चिखल असा की चप्पल एकदा गेली ती गेलीच. झाकण काढलं, पुन्हा फेकलं, पुन्हा उतरलो. येताना पुन्हा तेच. पक्क्यांत मी शेवटचा आलो, आणि शेवटून दुसरा जो होता तो माझी फेरी संपायच्या आत घरी जाऊन अंघोळ करून परत आला होता.

मी अजून खाडीपलीकडेच चाचपडत होतो, तेव्हा अलीकडच्या काठावर मात्र टाळ्या पडल्या होत्या. दाजी जिंकले होते. खरं जिंकले होते. झाकण टाकीला लागल्याचा आवाज मी खाडीतून ऐकला होता. ते पिंपावर बसले, हातात लोच्याची प्लेट, भोवती प्रजा उभी. मी गुडघ्यापर्यंत हिरवा होऊन पलीकडच्या काठावरून बघत होतो. त्यांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग माझ्याकडे बघितलं आणि प्लेट शेजारच्याच्या हातात दिली. त्यांना पिंप मिळालं, पण ज्याला उभं ठेवायचं तो माणूस समोर नव्हता. हे मी मागाहून जुळवलं. तेव्हा मला वाटलं, लोच्यात मीठ कमी असावं.

एवढं खरं की पत्र्याच्या खोलीचं नाव त्या आठवड्यात निघालं नाही. ताईने दोनदा मुद्दाम सामानाच्या ट्रंकेला हात लावून बघितला. दाजी म्हणाले, "राहू दे."

पुढच्या सुट्टीला मी पक्क्यांत उभा होतो, तर माझ्या शेजारी दाजी येऊन उभे राहिले. मास्तरने विचारलं, "एक ही दिन का राजा?" दाजी म्हणाले, "झालं पोट भरीसन." त्यांचं पहिलं झाकण खाडी ओलांडून, मैदान ओलांडून कुणाच्या तरी गच्चीवर जाऊन पडलं. दुसरं खाडीत. पुढचंही खाडीत. मग आम्ही दोघं मेहुणे एकमेकांचा हात धरून त्या पाण्यात चाचपडत होतो. त्या दिवशी रंग गुलाबी होता. माझ्या हातात त्यांचं झाकण आलं, त्यांच्या हातात माझी मागच्या आठवड्यातली चप्पल. काठावर मास्तर हसून हसून खाली बसला होता.

दाजी शेवटचे आले. मी शेवटून दुसरा.

घरी आलो तेव्हा ताई दारात बसली होती. तिने चार गुलाबी पाय बघितले आणि पोट धरून हसू लागली, इतकी की माय घाबरून बाहेर धावत आली, हिची वेळ आली की काय म्हणून. तशी वेळ आलेली नाही हे कळल्यावर मायने आमच्याकडे बघितलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि पितळी परात आणली. जावयाचे पाय सासूने धुवायचे असतात, तो मान आहे. फक्त त्यासाठी रिठे आणि नारळाची शेंडी लागेल असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. माय घासत होती. रंग जात नव्हता.

"नही निघाव तो," दाजी समजुतीच्या सुरात म्हणाले. "कारखानाना रंग शे. पक्का." आणि स्वतःच मोठ्याने हसले. महिन्याभरात मी त्यांना आमच्या घरी हसताना प्रथमच बघत होतो. "माय, तठे पक्कास्मा बठ्ठाच, सर्वाच हारतस. मजा येस."

मायचा त्यावर विश्वास बसला नाही. जावई हसतो आहे म्हणजे आतून रुसला आहे, असा तिचा अनुभव होता. तिने हात थांबवला आणि मला हळूच विचारलं, "कोन जिकनं?"

"मास्तर."

"ते नही. तुम्हना दोन्हीस्मा?"

उत्तर दाजींनीच दिलं: परातीतला एक गुलाबी पाय उचलून माझ्याकडे रोखला. मायच्या हातातली शेंडी पाण्यात पडली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "यान्हा वर आखो एखादा गट शे का नही रे?"