मापाचं पाणी आणि हौसाआज्जी

आधीच सांगते, अंगात येणं, भानामती असल्या थोतांडाविरुद्ध मी विंझरच्या बाजारात पत्रकं वाटलीत. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण गप्पही बसवत नाही.

आमच्या वरच्या वस्तीचा झरा आटायला लागला तो खालच्या रिसॉर्टने बोअर मारल्यावर. मालक म्हणे, "तुमचं पाणी वेगळं, आमचं वेगळं." खोटारडा. मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या सरांना गाठलं. पाण्यात जड आणि हलके अणू असतात. त्यांचं प्रमाण यंत्रावर मोजलं की कुठलं पाणी कुठल्याशी जुळतं ते कळतं. झरा, बोअर, गावची विहीर – तीन बाटल्या भरल्या. बोअरची रिसॉर्टच्या माळ्याने गुपचूप दिली. आणि मी शहाणीने नावं शाईच्या पेनने लिहून बाटल्या बर्फात ठेवल्या. सर वस्तीवरच्या शाळेत नमुने घ्यायला आले तेव्हा शाई धुऊन लेबलं कोरी. माळी पुन्हा देणार नव्हता.

मेंढरं घेऊन चाललेली हौसाआज्जी व्हरांड्यात टेकली. टोपणात थोडं थोडं ओतून तिन्ही चाखली.

"ह्यो झरा. ही हिर. आन् ह्यो बी आमचाच झरा, पर कोंडून ठिवल्यावानी."

सर हसले. त्यांनी बॅगेतून चौथी बाटली काढली – मापाचं पाणी, ज्याच्याशी ताडून बाकीची मोजतात ते. वर नुसता नंबर.

"आज्जी, ही कुठली विहीर?"

"हिर कशाची? समिंदर हाय. मीठ कुणी काडलं रं त्यातलं?"

सरांचं हसू थांबलं. ते खरंच समुद्राचं पाणी, मीठ काढून शुद्ध केलेलं. आणि आज्जी कधी घाट उतरलेली नाही...

"पण रिपोर्टात काय लिहू? आज्जीने चाखलं?" सर म्हणाले. मी चिडले, पण बरोबर होतं. मग तहसील कचेरीत ठिय्या दिला, रिसॉर्टचं फाटक उघडायला लावलं, सगळ्यांसमोर नवे नमुने घेतले. झरा आणि बोअर तंतोतंत एक! जुन्या बाटल्यांतही आज्जीची 'हिर' तेवढी वेगळी, उरलेल्या दोन सारख्या. बोअर बंद झालं.

सर अजून फोन करतात. "मला मापाच्या पाण्याशिवाय काही सांगता येत नाही. आज्जी कशाशी ताडते?"

मी आज्जीला विचारलं.

"प्याल्यावर कळतं की पोरी. तुमास्नी न्हाई कळत?"

नाही कळत. मलाही नाही, सरांनाही नाही.